उभ्या गाडीची राखण

रात्री दहानंतर करी रोड स्थानकाच्या आसपासचे रस्ते पाहिले तर तेच इथल्या लोकांचे वाहनतळ आहेत हे ध्यानात येते. चाळींच्या कडेने मोटारसायकली आणि स्कूटर एकमेकींना टेकून उभ्या असतात. एखादा टेम्पो दोन चाके फुटपाथवर चढवून विसावलेला असतो. भिंतीलगत भाजीच्या व वडापावच्या हातगाड्या साखळीने बांधून ठेवलेल्या दिसतात. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी जे टॉवर आले त्यांच्या पोटात गाड्यांसाठी मजलेच्या मजले बांधलेले आहेत. चाळीला मात्र तशी सोय नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने गाडी ठेवायची ती उघड्यावरच.

या सर्व गाड्यांना कुलपे असतात. पण घराचे कुलूप आणि गाडीचे कुलूप यांत एक मूलभूत फरक आहे. घर जागचे हलत नाही, त्यामुळे दार अडवले की काम भागते. गाडीचा तर जन्मच हलण्यासाठी झालेला. तिला कुलूप लावायचे म्हणजे नेमके काय अडवायचे? इंजिन, चाक, हँडल की सबंध गाडी? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरात तरफ, घर्षण, धातुविज्ञान, विद्युतचुंबकीय प्रवर्तन असे शाळेत शिकवले जाणारे कितीतरी विषय येतात. आणि भाजीवाल्याची गाडी गेली तर विम्याची भरपाई मिळत नाही, दुसऱ्या दिवशीचा धंदाही बसतो, तेव्हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

कुलपांची गोष्ट लालबागमध्ये बसून सांगायची तर १८९७ सालापासून सुरुवात करायला हवी. त्या वर्षी अर्देशिर गोदरेज यांनी लालबागला, बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारच्या एका लहानशा शेडमध्ये, मोजके कारागीर घेऊन कुलपे बनवायला सुरुवात केली. अर्देशिर शिक्षणाने वकील. वकिली त्यांना मानवली नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली, तोही उद्योग चालला नाही. मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांची बातमी वाचून ते कुलपांकडे वळले, असे सांगतात. करी रोड स्थानकातून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. देशभर घराघरांत पोचलेल्या त्या कुलपांचा जन्म असा याच वस्तीतला.

ही कुलपे लिव्हरची होती. लिव्हर कुलपाची रचना समजली की बाकीची कुलपे समजायला वेळ लागत नाही. कुलपाच्या पोटात धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टी एका खिळीभोवती वरखाली फिरू शकते आणि एक बारीक स्प्रिंग तिला खाली दाबून ठेवते. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. या खाचा वेगवेगळ्या उंचीवर असतात. कुलपाची जी जीभ सरकते तिच्यावर एक खुंटी असते. सर्व पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या तरच खुंटी त्यांतून पलीकडे जाते आणि जीभ सरकते. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमकी हवी तेवढी उचलतो. एखादी पट्टी कमी उचलली गेली तरी वाट बंद, जास्त उचलली गेली तरी बंद. ‘जास्त उचलली तरी बंद’ ही युक्ती रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये काढली. त्याआधीच्या कुलपांत पट्टी नुसती वर ढकलली की काम होत असे.

वर्गात पुठ्ठ्याच्या पाच पट्ट्या, एक टाचणी आणि एक काडी एवढ्यावर याची प्रतिकृती होते. मुलांना ती करायला द्यावी. आकृती काढून दाखवण्यापेक्षा तिचा फार उपयोग होतो.

आता थोडे गणित. सहा पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीसाठी पाच वेगवेगळ्या उंच्या शक्य आहेत असे धरू. मग निरनिराळ्या किल्ल्या किती? ५ चा सहावा घात, म्हणजे १५,६२५. आठ पट्ट्या असतील तर ३,९०,६२५. हे आकडे पाहून कुलूप अभेद्य वाटते. मुलांच्या सायकलींना असते ते चार आकडी कुलूप घ्या. त्यात १०,००० शक्यता आहेत. एकेक आकडा जुळवून पाहायला दोन सेकंद लागले तर सगळे पाहायला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागेल. तरीही असली स्वस्त कुलपे काही मिनिटांत उघडलेली आपण पाहिलेली असतात. ते कसे काय?

याचे उत्तर लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी जगाला मिळाले. आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने त्या काळी इंग्लंडचा अभिमान असलेले चब कंपनीचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत किल्लीशिवाय उघडले. मग तो ब्रामा यांच्या कुलपाकडे वळला. ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस अशी पाटी दुकानाच्या खिडकीत साठ वर्षे लटकत होती. हॉब्सला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण कुलूप उघडले. इंग्लंडमध्ये मोठी खळबळ माजली. अशा युक्त्या उघड बोलू नयेत, चोरांना शिकवल्यासारखे होईल, असे काहींचे म्हणणे पडले. हॉब्सने सांगितले की चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, ठाऊक नसते ते गिऱ्हाइकांनाच. मला त्याचे म्हणणे पटते, आणि म्हणूनच पुढचे लिहायला संकोच वाटत नाही.

हॉब्सच्या पद्धतीचे मर्म असे. कुलपाच्या जिभेवर आधी हलका ताण द्यायचा. खुंटी सर्व पट्ट्यांवर सारखी टेकायला हवी. पण कोणतीही वस्तू अगदी तंतोतंत बनवता येत नाही. पट्ट्यांच्या मापांत केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे खुंटी प्रत्यक्षात एकाच पट्टीवर टेकते. ती पट्टी घट्ट लागते, बाकीच्या सैल राहतात. घट्ट लागणारी पट्टी हळूहळू उचलत गेले की तिची खाच सापडते आणि खुंटी कणभर पुढे सरकते. आता दुसरी पट्टी घट्ट होते. अशा रीतीने पट्ट्या एकेक करून सुटत जातात. म्हणजे सगळ्या एकाच वेळी जुळवाव्या लागत असत्या तर १५,६२५ प्रयत्न, आणि एकेक जुळवता आली तर पाच गुणिले सहा, म्हणजे फार तर ३०. गुणाकाराची जागा बेरजेने घेतली की किल्ला ढासळतो. चार आकडी सायकल-कुलपाचेही असेच होते: १०,००० ऐवजी ४०.

यावरून एक गोष्ट कळते. कुलपाची खरी ताकद पट्ट्यांच्या संख्येत जितकी असते, त्याहून अधिक ती काटेकोर घडणीत असते. पट्ट्यांच्या मापांतला फरक जितका सूक्ष्म, तितके घट्ट कोण आणि सैल कोण हे बोटांना कळणे कठीण. चांगल्या कुलपाची किंमत जास्त असते ती मुख्यतः या काटेकोरपणाची.

जाता जाता मुंबईच्या हवेबद्दल. लिव्हरच्या बारीक स्प्रिंगा समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत गंजतात आणि तुटतात. अर्देशिर यांनी पुढे स्प्रिंगच नसलेले कुलूप काढले, त्याचे महत्त्व अशा शहरात चटकन पटते. रस्त्यावरच्या कुलपाला पावसाळ्यापूर्वी शिवणयंत्राचे पातळ तेल द्यावे. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल घालतात, ते टाळलेले बरे. २४ अंश सेल्सियसच्या आसपास ते थिजू लागते, आणि एरवीही धूळ धरून ठेवते.

पण रस्त्यावरच्या गाडीचा चोर हॉब्ससारखा १६ दिवस बसत नाही. त्याच्याजवळ मिनिटे असतात. किल्लीच्या भोकाशी खेळत बसण्यापेक्षा तो कडी किंवा साखळी कापतो. तेव्हा कापण्याचे गणित पाहू.

साध्या पोलादाची सळई आडवी कापायला तिच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला ढोबळमानाने ३०० न्यूटन बळ लागते. सहा मिलिमीटर व्यासाच्या सळईचा छेद सुमारे २८ चौरस मिलिमीटर, म्हणून लागणारे बळ ८,५०० न्यूटनच्या आसपास. बारा मिलिमीटरच्या सळईला मात्र ३४,००० न्यूटन. व्यास दुप्पट केला की काम चौपट होते, कारण छेद व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. आता चोराची बाजू. लोखंड कापायची मोठी कात्री ही तरफेला तरफ जोडून बनवलेली असते. तिच्या दांड्या पाऊण मीटर लांब असतील तर ती हातातले बळ साधारण ४० पट करते. दोन हातांनी ३०० न्यूटन दाब दिला तर पात्याशी १२,००० न्यूटन मिळतात. सहा मिलिमीटरची कडी गेलीच. आणि साखळी जमिनीवर लोळत असेल तर? चोर कात्रीची एक दांडी जमिनीला टेकवतो आणि दुसऱ्या दांडीवर अंगाचा भार टाकतो. साठ किलो वजनाचे ६०० न्यूटन, त्याचे ४० पट २४,०००. जमिनीने त्याला फुकटात मदत केली. म्हणून साखळी जमिनीपासून वर आणि ताणून बांधावी. सैल साखळीच्या कडीत पहार घालून पीळही देता येतो, घट्ट साखळीत पहार शिरायला जागाच राहत नाही.

यापुढची पायरी पोलाद कठीण करण्याची. लोखंडी वस्तू कार्बनयुक्त वातावरणात लाल होईपर्यंत तापवली तर पृष्ठभागात कार्बन मुरतो. मग ती एकदम थंड केली की वरचा थर काचेसारखा कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. दोन्ही हवे असतात. सबंध कडी कठीण केली तर ती हातोडीच्या एका फटक्यात तुटेल, सबंध मऊ ठेवली तर करवत चालेल. एखादी कडी कठीण केलेली आहे की नाही हे पाहायला जुनी कानस पुरते. मऊ कडीवर कानस रुतते, कठीण कडीवर नुसती घसरते. दुकानात ही परीक्षा दुकानदाराला विचारूनच करावी हे सांगायला नको!

अलीकडे बॅटरीवर चालणारे ग्राइंडर सहज मिळतात. त्यांच्यापुढे बहुतेक कड्या काही मिनिटांत हार मानतात. फक्त ते करताना कर्कश आवाज होतो आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. चाळीच्या गॅलरीत कोणी ना कोणी जागे असतेच. कुलपाचे मोजमाप कसे करावे याचे उत्तर इथे आहे. कुलूप चोरी अशक्य करत नाही, ते चोराचा वेळ खाते आणि त्याला आवाज करायला लावते. तो वेळ आणि तो आवाज गाडी कुठे उभी आहे यावर महाग किंवा स्वस्त ठरतो. तेच कुलूप दिव्याखाली, गॅलरीसमोर लावले तर त्याची किंमत वाढते. बंद गिरणीच्या भिंतीमागच्या अंधारात ती घटते.

मोटारसायकलला हँडलचे कुलूप कंपनीकडूनच येते आणि पुष्कळांचा त्यावरच विश्वास असतो. त्याचे गणितही पाहा. हँडलच्या मध्यापासून मुठीपर्यंतचे अंतर सुमारे ३५ सेंटिमीटर. अडवणारी खिट्टी मात्र मध्यापासून दोनच सेंटिमीटरवर. दोन्ही मुठींना उलटसुलट ४०० न्यूटनचा हिसका दिला तर आघूर्ण ०.३५ गुणिले ४०० गुणिले २, म्हणजे २८० न्यूटन-मीटर. खिट्टीवर येणारे बळ २८० भागिले ०.०२, म्हणजे १४,००० न्यूटन. खिट्टी कदाचित टिकेल, पण ती जिच्यात बसवलेली असते ती ओतीव धातूची खाच टिकेलच असे नाही. इथे तरफेचा लांब हात चोराला मिळाला आहे. चाकाच्या चकतीला किंवा आऱ्यांतून लावलेले वेगळे कुलूप म्हणूनच हवे.

इंजिनाच्या गाड्यांना गेल्या काही दशकांत एक हुशार रखवालदार मिळाला आहे. किल्लीच्या मुठीत एक चिप आणि तारेचे बारीक वेटोळे असते. बॅटरी नसते. किल्ली फिरवायच्या जागेभोवती दुसरे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की किल्लीतल्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये होते तेच. त्या विजेवर चिप जागी होते. गाडी तिला एक संख्या पाठवते. चिप आपल्याजवळच्या गुप्त संख्येने तिच्यावर काही क्रिया करून उत्तर परत पाठवते. उत्तर बरोबर असेल तरच इंजिनाला इंधन व ठिणगी मिळते. दर वेळी प्रश्न वेगळा असल्याने जुने उत्तर ऐकून ठेवून उपयोग होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली. पण ती अडवते ते इंजिन. चाके मोकळीच असतात. चार जणांनी मोटारसायकल उचलून टेम्पोत टाकली तर चिप बिचारी काय करणार?

आणि ज्या गाडीला इंजिनच नाही तिचे काय? इथे लालबागची हातगाडी आणि युरोपातला सहलीचा कॅराव्हॅन एकाच रांगेत येऊन बसतात. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आपल्याकडेही हा शब्द ऐकू येऊ लागला. या घराला ना इंजिन, ना स्टिअरिंग. ते बनवलेलेच असते कोणीही ओढून न्यावे म्हणून. मोटारीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा असतो, कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याला त्यावर बसणारी वाटी. युरोपात हे माप सगळीकडे सारखे, त्यामुळे ज्याच्या मोटारीला गोळा आहे तो हे घर जोडून चालता होऊ शकतो. दिवसाढवळ्या नेले तरी कोणाला वावगे वाटत नाही. सोयीसाठी केलेले प्रमाणीकरण चोराच्याही सोयीचे ठरते. हातगाडीला तर वाटीही लागत नाही, दोन हात पुरतात.

तेथील लोकांनी यावर जे उपाय केले ते हातगाडीलाही लागू पडतात. पहिला, जोडाच्या वाटीतच पोलादी ठोकळा बसवून तिला कुलूप. म्हणजे ओढायची जागाच बंद. दुसरा, चाकाला पकड. मुंबईत वाहतूक पोलीस चुकीच्या जागी उभ्या केलेल्या मोटारीला लावतात तो पिवळा जॅमर आपल्या ओळखीचा आहे. त्याचा मूळ नमुना अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९५० च्या दशकात फ्रँक मॅरग याने बनवला. हा गृहस्थ तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत असे. पोलादाची पकड चाकाला मिठी मारते आणि चाकाचे नटही झाकून टाकते. नट झाकणे महत्त्वाचे, नाहीतर चोर चाक बदलून गाडी नेतो. आणखी चांगली पकड चाकाच्या आऱ्यांमधून आरपार जाऊन मागच्या पक्क्या भागात बसते.

हातगाडीच्या चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून कुलूप लावले तर चाक फिरत नाही, पण लहान गाडी दोनतीन जण सहज उचलतात. म्हणून तिसरा उपाय आवश्यक: गाडी एखाद्या अचल वस्तूला बांधणे. ही वस्तू निवडताना फसगत होते. फुटपाथचा कठडा भक्कम दिसतो, पण तो बोल्टांनी बसवलेला असेल तर पान्याने सुटतो. विजेच्या खांबाला तर कधीच बांधू नये. पावसाळ्यात खांबात वीज उतरली तर साखळीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तीनचार गाडीवाल्यांनी आपल्या गाड्या एकमेकींना बांधणे. चार गाड्यांचा गठ्ठा ना उचलता येतो, ना गल्लीतून वळवता येतो. साखळी मात्र चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून, दोन्हींतून जायला हवी. नाहीतर सकाळी नुसती चाके शिल्लक राहतील.

एवढे करूनही गाडी गेली तर ती आपलीच हे ओळखायचे कसे? मोटारीला १७ अक्षर-अंकांचा सांगाडा क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. ब्रिटनमध्ये १९९२ पासून नव्या कॅराव्हॅनना असा क्रमांक देऊन नोंदवही ठेवली जाऊ लागली आणि तो क्रमांक खिडक्यांच्या काचांवरही कोरला गेला. चोराला सगळ्या खिडक्या बदलायला लावणे हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना लेसरने क्रमांक कोरलेली पाटी येते, आणि ती एकदा उचकटली की पुन्हा बसत नाही.

चोर पाटी फेकून देतो आणि सांगाड्यावरचा क्रमांक घासून काढतो. धातू गुळगुळीत होतो, डोळ्यांना काहीच दिसत नाही. तरीही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो क्रमांक पुन्हा उमटवता येतो. यामागचे कारण सुंदर आहे. अंकाचा ठसा हातोडीने मारला की दिसणाऱ्या खाचेच्या खालचे धातूचे स्फटिकही दबून विस्कळित होतात. ही विस्कळ खाचेच्या तळापेक्षा बरीच खोल जाते. खाच घासून नाहीशी झाली तरी ती खाली शिल्लक असते. पृष्ठभाग चकचकीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण फिरवले की दबलेला भाग आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि अंक हळूहळू वर येतात. लोखंडाला जणू फटक्याची आठवण राहते. आम्लाचा हा प्रयोग शाळेत करू नये. पण फटक्याने लोखंड आतून बदलते हे दाखवायला साधी तार पुरते. ती एकाच जागी दोनचारदा वाकवली की तिथे ती अधिक ताठ झालेली बोटांना कळते.

रंगवलेल्या नावाच्या बाबतीत असे काही होत नाही. रंग खरवडला की संपले. हातगाडीला सरकारी सांगाडा क्रमांक नसतो, पण तिची आस लोखंडी असते. तिच्यावर, चाकाच्या आतल्या बाजूला सहज न दिसणाऱ्या जागी, मालकाने आपला एखादा क्रमांक ठोकून ठेवावा. तीच खूण सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवरही मारावी आणि दोन्हींचा फोटो घरी ठेवावा. अंकांच्या ठशांचा संच नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत मिळतो. गल्लीतल्या दहापंधरा गाड्यांना मिळून एक संच पुरतो. ठसा सरळ उभा धरून हातोडीचा एकच जोरदार फटका द्यायचा. दुसरा मारला की ठसा हलतो आणि अंक दुहेरी उठतो.